दोघेही जामिनावर, आणि आपसात संपर्काला बंदी

नवरा-बायको एकाच गुन्ह्यात आरोपी, दोघांनाही जामीन मंजूर, आणि आदेशाच्या शेवटी एक ओळ: ‘अर्जदाराने सहआरोपींशी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष संपर्क ठेवू नये.’ पतसंस्थेतला अपहार, दोघे संचालक असलेल्या कंपनीविरुद्धची फसवणुकीची तक्रार, जमिनीच्या वादातली मारामारी, सुनेच्या फिर्यादीत अडकलेले सासू-सासरे, अशा गुन्ह्यांत आरोपींची नावे कुटुंबाकुटुंबाने पडतात. जामिनाच्या सुनावणीत मात्र जो तो ‘आरोपी क्रमांक दोन’, ‘आरोपी क्रमांक तीन’ असतो. यातले दोघे एकाच छपराखाली राहतात, त्यांचे मूल तिसरीत आहे, हे कुणी सांगितलेले नसते. मग नेहमीच्या अटींबरोबर हीही अट टंकली जाते. आम्ही दोघे या अटीखाली राहिलो आणि ती रीतसर बदलून घेतली. त्या वाटेवर काय लागते, कुठे अडते आणि का, ते इथे लिहीत आहोत.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. नवरा-बायको आहात म्हणून अटीतून आपोआप सूट मिळत नाही. ‘नवरा-बायकोला कोण अडवणार’ असे नातेवाईक सांगतात, कधी चौकीवरचा जमादारही ‘राहा हो, आमची काही हरकत नाही’ म्हणतो. या दोन्हीला कायद्यात किंमत नाही. अट न्यायालयाने घातली आहे, ती न्यायालयच काढू शकते. पोलिसांची तोंडी संमती, तुमच्या दोघांची आपसातली संमती, फिर्यादीशी झालेली समजूत, यांपैकी कशानेही अट सैल होत नाही. पुढे तपास अधिकारी बदलला किंवा फिर्यादीने जामीन रद्द करण्याचा अर्ज टाकला, की तोंडी संमती देणारा माणूस साक्षीला येत नाही.

अट का घालतात हेही समजून घ्या, कारण शिथिलतेच्या अर्जात याच कारणांना उत्तर द्यायचे असते. दोघांनी मिळून जबाब जुळवू नयेत, कागद किंवा मोबाइलमधला मजकूर नाहीसा करू नये, साक्षीदारांपर्यंत एकाच्या मार्फत दुसऱ्याने पोचू नये, ही तपास यंत्रणेची भीती. त्यात भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे, एकाच गुन्ह्यासाठी एकत्र खटला चाललेल्या आरोपींपैकी एकाचा सिद्ध झालेला कबुलीजबाब दुसऱ्याविरुद्धही विचारात घेता येतो. त्यामुळे सहआरोपींना वेगळे ठेवण्यात यंत्रणेला रस असतो.

याच अधिनियमाच्या कलम १२८ बद्दल फार गैरसमज आहे. वैवाहिक जीवनात जोडीदाराने सांगितलेली गोष्ट उघड करायला नवऱ्याला किंवा बायकोला भाग पाडता येत नाही, आणि सांगणाऱ्याच्या संमतीशिवाय ती उघड करूही दिली जात नाही, एवढे संरक्षण ते कलम देते. दोघे एकमेकांविरुद्ध दाव्यात असतील किंवा एकाने दुसऱ्याविरुद्ध गुन्हा केल्याचा खटला असेल, तर तेही नाही. जप्त झालेल्या मोबाइलमधले चॅट वाचायला हे कलम आडवे येत नाही, आणि संपर्कबंदीच्या अटीवर तर ते उत्तरच नाही. ‘आमचे बोलणे कायद्याने गुप्त आहे’ या भरवशावर कुणी अट मोडू नये.

आता आदेश वाचणे. ई-कोर्ट्सच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर १६ अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकला की बहुतेक आदेश उतरवून घेता येतो. तरी नक्कल विभागात अर्ज देऊन प्रमाणित प्रत घ्याच. पोलीस ठाण्यात, तुरुंगात आणि वरच्या न्यायालयात तीच चालते. आदेशाचा शेवटचा, अटींचा भाग शब्द न् शब्द वाचा. ‘साक्षीदारांवर दबाव आणू नये, आमिष दाखवू नये’ ही अट जवळपास प्रत्येक आदेशात असते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ४८०(३) मध्येच ती आहे. तिने नवरा-बायकोचे बोलणे थांबत नाही. ‘खटल्याच्या विषयावर सहआरोपींशी चर्चा करू नये’ असे असेल तर घरात राहता येते, पण केसबद्दल बोलता येत नाही. ‘सहआरोपींशी कोणत्याही प्रकारे संपर्क ठेवू नये’ असे असेल तर एका घरात राहणे हाच भंग. ‘अप्रत्यक्ष’ हा शब्द असला, की भावाच्या फोनवरून, मुलाच्या हातून, शेजाऱ्याच्या चिठ्ठीतून गेलेला निरोपही त्यात येतो. कधी संपर्काबद्दल काहीच नसते, पण एकालाच तालुक्यात यायला मनाई असते. परिणाम तोच, फक्त शिथिलतेच्या अर्जातली मागणी वेगळी करावी लागते.

दोघांचे आदेश वेगवेगळे मिळवा आणि शेजारी ठेवून वाचा. इथेच बहुतेकांची गाडी रुळावरून घसरते. बायकोला सत्र न्यायालयातून अटकपूर्व जामीन मिळालेला असतो, नवऱ्याला काही महिन्यांनी उच्च न्यायालयातून नियमित जामीन. अट फक्त नवऱ्याच्या आदेशात असते, किंवा दोन्हींत असते पण शब्द निराळे असतात. एका आदेशातली अट शिथिल झाली म्हणजे दुसऱ्यातली झाली असे होत नाही. नवऱ्याला बायकोशी बोलायला परवानगी आहे, बायकोला नवऱ्याशी बोलायला नाही, अशी विचित्र अवस्था खरोखर उद्भवते. दोघांवर दोन वेगळे गुन्हे वेगळ्या जिल्ह्यांत असले तर चार-चार आदेश होतात. म्हणून अर्ज दोघांचे, ज्या त्या न्यायालयात, आणि प्रत्येकात दुसऱ्या अर्जाचा उल्लेख.

जामिनाचा अर्ज अजून चालायचा असेल तर गोष्ट बरीच सोपी आहे. वकिलांना अर्जातच लिहायला सांगा की अर्जदार आणि आरोपी क्रमांक अमुक पती-पत्नी आहेत, एकाच पत्त्यावर राहतात, अज्ञान मुले किंवा वृद्ध आई-वडील त्यांच्यावर अवलंबून आहेत. युक्तिवादाच्या शेवटी वकिलांनी एवढेच म्हणावे, ‘संपर्काची अट घालायची झाल्यास पत्नीला वगळावे.’ न्यायाधीश आदेश सांगत असताना हे एक वाक्य उच्चारले गेले तर नंतरचे दोन महिने वाचतात. वकिलांवर शंभर कामांचा भार असतो, त्यामुळे हे त्यांना स्वतः आठवेल असे धरू नका. कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या.

अट लागलीच असेल तर शिथिलतेचा अर्ज. दंडाधिकाऱ्यांनी घातलेली अट सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८३(१)(ब) खाली रद्द करू शकते किंवा बदलू शकते. जुन्या कागदांवर हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४३९ म्हणून दिसेल. सत्र किंवा उच्च न्यायालयाने स्वतः घातलेली अट असेल तर अर्ज त्याच न्यायालयात करायचा. सही झालेला निर्णय न्यायालयाला बदलता येत नाही, असा आक्षेप सरकारी वकील कधी कधी घेतात. जामिनाचा आदेश खटला निकाली काढणारा अंतिम निर्णय नसतो, हे त्यावरचे उत्तर वकिलांनी तयार ठेवावे.

अर्जासोबत जोडायचे कागद: दोन्ही जामीन आदेशांच्या प्रमाणित प्रती, विवाह नोंदणीचा दाखला, एकच पत्ता दाखवणारे शिधापत्रिका किंवा आधार, मुलांचे शाळेचे पत्र, आजारपण असेल तर डॉक्टरांचे कागद, पोलीस ठाण्यातल्या हजेरीचा उतारा आणि शपथपत्र. विवाह नोंदणी झालेली नसेल तर लग्नपत्रिकेवर विसंबू नका. मुलाच्या जन्मदाखल्यावर दोघांची नावे असतात, तो जास्त वजनदार ठरतो. शिवाय स्वतःच्या जामीनपत्राची प्रत काढा. त्यात न्यायालयाने मान्य केलेला राहण्याचा पत्ता दोघांचा एकच असेल, तर तो अर्जातला सर्वांत बळकट मुद्दा आहे: न्यायालय एका कागदाने दोघांना त्या घरात राहायला सांगते आणि दुसऱ्याने एकमेकांशी बोलू नका म्हणते.

मागणी एकच लिहू नका, उतरत्या क्रमाने तीन लिहा. नमुना असा: ‘दिनांक अमुकच्या आदेशातील अट क्रमांक ५ वगळावी. तसे शक्य नसल्यास सदर अटीत “अर्जदाराची पत्नी, आरोपी क्रमांक ३, हिला वगळून” असे शब्द घालावेत. तेही शक्य नसल्यास अर्जदार व आरोपी क्रमांक ३ यांना एकाच पत्त्यावर राहण्यास आणि मुलांचे संगोपन, औषधोपचार, घरखर्च, बँक व्यवहार व या खटल्यातील बचाव एवढ्या कारणांसाठी संपर्क ठेवण्यास परवानगी द्यावी.’ तिसऱ्या मागणीत ‘एकाच पत्त्यावर राहण्यास’ हे शब्द अजिबात गाळू नका. ते नसतील तर फोनवर औषधाबद्दल बोलायची परवानगी मिळते आणि घरी मात्र राहता येत नाही. ‘बचाव’ हा शब्दही तितकाच गरजेचा, नाहीतर दोघांनी एका वकिलासमोर बसून कागद चाळणे पुन्हा शंकास्पद होते.

युक्तिवादात ‘आम्ही पती-पत्नी आहोत’ याच्यापुढे जायला हवे. दोषारोपपत्र दाखल झाले आहे, जप्तीचे कागद आणि मोबाइल न्यायालयाच्या ताब्यात आहेत, जोडीदार साक्षीदारांच्या यादीत नाही, हजेरी एकदाही चुकलेली नाही, साक्षीदारांकडून कुठलीही तक्रार नाही, हे मुद्दे काम करतात. म्हणूनच अर्जाची उत्तम वेळ दोषारोपपत्रानंतरची. तपास चालू असताना केलेला अर्ज बहुधा ‘तपास नाजूक टप्प्यावर आहे’ या एका ओळीवर फेटाळला जातो आणि मग दुसऱ्या अर्जात ‘परिस्थितीत काय बदल झाला’ हे दाखवावे लागते. मूल अगदी लहान असेल किंवा घरात गंभीर आजारी माणूस असेल तर थांबू नये. तेव्हा मर्यादित संपर्काचीच मागणी करावी.

जामिनाच्या अटी वाजवी असाव्यात आणि जामिनाचा हेतूच त्यांनी हरवू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. जुलै २०२४ मध्ये, मोबाइलवर गूगल मॅपची पिन टाकून तपास अधिकाऱ्याला आपले ठिकाण सतत दिसू देण्याची अट त्याने काढून टाकली आणि आरोपीच्या खासगी आयुष्यात पोलिसांना असे कायम डोकावता येणार नाही म्हटले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, वैवाहिक वादातल्या अटकपूर्व जामिनात पतीने पत्नीसोबत राहून तिच्या सगळ्या गरजा भागवाव्यात अशी अट होती, तीही रद्द झाली. या दुसऱ्या प्रकरणातली अट आपल्या उलट टोकाची आहे, पण मुद्दा उपयोगी पडतो: संसार कसा चालावा हे जामिनाच्या अटींनी ठरवायचे नसते. वकिलांना हे दोन्ही निकाल काढायला सांगा.

अर्ज दाखल झाला की सरकारी वकिलांचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणे, मागवला जातो, ते तपास अधिकाऱ्याकडून माहिती घेतात, आणि एक-दोन तारखा यातच जातात. ‘से’ आला नाही म्हणून तारीख पुढे गेली तर वकिलांनी रोजनाम्यात (न्यायालयाच्या तारीखवार नोंदीत) तशी नोंद घ्यायला लावावी. आणि या सगळ्या काळात जुनी अट पूर्ण लागू असते. अर्ज प्रलंबित आहे हे भंगाचे समर्थन होत नाही.

तोवर राहायचे कसे, हा खरा कठीण भाग. एकाने बाहेर राहायचे ठरले तर आधी नवा पत्ता न्यायालयाला आणि पोलीस ठाण्याला लेखी कळवा, मग सामान हलवा. उलट केले तर पत्त्यावर न सापडल्याचा अहवाल जातो. वरचा मजला एकाला, खालचा दुसऱ्याला, ही वाटणी आपल्या मनाने करू नका. न्यायालयाने मान्य केली तरच ती चालते. मुलांसाठी दोघांनाही मान्य असलेली एक तिसरी व्यक्ती ठरवा, आत्या, मामा, आजी, कुणीही. पण ती साक्षीदार किंवा आरोपी नसावी. तिने मुलाला ने-आण करायची, शाळेचे पैसे भरायचे. नवऱ्याचे निरोप बायकोला सांगायचे नाहीत. हे तिला स्पष्ट सांगावे लागते, कारण मायेपोटी माणसे निरोप्या होतात आणि ‘अप्रत्यक्ष’ या शब्दात आपल्याला अडकवतात.

मोबाइलचे तर बारीकसारीक पाहावे लागते. संयुक्त बँक खात्याचा ओटीपी जोडीदाराच्या नंबरवर जात असेल तर शाखेत जाऊन नंबर बदला, नाहीतर प्रत्येक व्यवहाराला फोन करावा लागेल. कुटुंबाच्या आणि शाळेच्या व्हॉट्सॲप गटांत दोघे असाल तर एकाने बाहेर पडा. गटातला ‘शुभ सकाळ’सुद्धा मोबाइल तपासणाऱ्याला संपर्कच दिसतो. आपसातले चालू असलेले लोकेशन शेअरिंग बंद करा. जुने चॅट मात्र पुसू नका. तो पुरावा नष्ट करण्याचा आरोप होतो आणि जामिनावर थेट बेततो. जोडीदाराचा चुकून फोन आला तर उचलू नका, आणि वेळ-तारखेसह वकिलांना कळवून ठेवा.

हजेरीचा मुद्दा साधा आहे, पण त्यावरून तक्रारी होतात. ‘दर सोमवारी ११ ते १’ अशी अट दोघांना एकाच ठाण्यात असेल तर दोघे त्याच बाकावर येऊन बसणार. शिथिलतेच्या अर्जातच वेगळा वार मागा. तोवर दोन तासांच्या खिडकीत एकाने सुरुवातीला, दुसऱ्याने शेवटी जावे. रजिस्टरमध्ये सहीसोबत वेळही लिहा. ठाण्यात रजिस्टर सापडत नसेल तर नुसते परत येऊ नका. हजर असल्याचा अर्ज देऊन पोच घ्या.

खटल्याच्या तारखेला दोघांनी न्यायालयात हजर राहणे हा भंग नव्हे, कारण न्यायालयानेच बोलावलेले असते. आरोपींच्या जागेत शेजारी उभे राहणेही नव्हे. बाहेर कँटीनमध्ये एकत्र चहा घेणे मात्र फिर्यादीच्या मोबाइल कॅमेऱ्यात भंग म्हणूनच टिपले जाते. एकाची गैरहजेरी माफ करून घ्यायची असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५५ खाली अर्ज असतो. दोघांचा वकील एकच असायला हरकत नाही, जोवर ‘मी नाही, त्याने केले’ असा बचाव कुणी घेणार नाही. तसे वाटू लागले तर वकील वेगळे करा. वकिलाशी झालेले बोलणे गोपनीय असते, पण त्याच्याकडून घरगुती निरोप पाठवू नका. चांगला वकील ते करणारही नाही.

शिथिलतेचा आदेश मिळाला की प्रमाणित प्रती जास्त काढा. एक पोलीस ठाण्यात देऊन शिक्का-सहीची पोच घ्या, एक तपास अधिकाऱ्याला, एक घरात. रात्री पत्ता तपासायला येणाऱ्या शिपायाच्या हातात बहुधा जुनाच आदेश असतो.

एक जण बाहेर आणि एक तुरुंगात, ही स्थितीही नेहमीची. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८०(१) चे परंतुक (कलमाला जोडलेला अपवाद) स्त्री, आजारी आणि अशक्त व्यक्तींच्या जामिनाला अनुकूल असल्याने बायको बहुधा आधी सुटते. तिच्या आदेशात संपर्कबंदी असेल तर तुरुंगातली मुलाकत, ई-मुलाकत (व्हिडिओवरची भेट), तुरुंगातून येणारा फोन, सगळेच त्यात येते. तिच्या अर्जात ‘कारागृहाच्या नियमांनुसार मुलाकत घेण्यास परवानगी’ असे शब्द हवेत आणि आदेशाची प्रत अधीक्षकांकडे जायला हवी. दोघेही आत असतील तर १८९४ च्या तुरुंग कायद्याचे कलम २७ स्त्री आणि पुरुष बंद्यांनी एकमेकांना पाहू-बोलू नये अशीच व्यवस्था करायला सांगते. भेटीसाठी अधीक्षकांकडे लेखी अर्ज करावा, उत्तर आले नाही तर खटला चालवणाऱ्या न्यायालयाकडे. तारखेला दोघांना आणले असेल तेव्हा वकिलांनी न्यायाधीशांना विनंती केली तर पोलीस पहाऱ्यात काही मिनिटांची भेट मिळू शकते. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर स्त्रिया आणि कोठडीतल्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळते. १५१०० हा त्याचा मदत क्रमांक.

जामीन होऊनही जामीनदार न मिळाल्याने जोडीदार आत अडकला असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२३ च्या निर्देशांचा आधार घ्या. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे असते, आणि महिन्याभरात जामीनपत्र भरले गेले नाही तर न्यायालय स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करू शकते.

नवरा-बायकोने एकमेकांवरच गुन्हे दाखल केलेले असतील तर वरचे बरेचसे लागू होत नाही. तिथे प्रत्येक जण एका केसमध्ये आरोपी आणि दुसरीत फिर्यादी असतो, त्यामुळे ‘साक्षीदारांशी संपर्क नको’ ही साधी अटही जोडीदाराला लागू पडते. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १८ चा संपर्काला मनाई करणारा संरक्षण आदेश असेल तर फोन, पत्र, मेसेज सगळे बंद, आणि भंगाला एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बायकोने घरी बोलावले म्हणून तो आदेश संपत नाही. तिने कलम २५ खाली अर्ज करून तो काढून घ्यावा लागतो. समेट खरा असला तरी आधी अर्ज आणि मग भेट, हा क्रम उलटू देऊ नका.

दोष सिद्ध होऊन दोघांना परिवीक्षेवर, म्हणजे शिक्षा न देता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, सोडले असेल तर गाठ १९५८ च्या परिवीक्षा कायद्याशी आणि जिल्हा परिवीक्षा अधिकाऱ्याशी असते. बंधपत्र तीन वर्षांपर्यंतचे, देखरेखीचा काळ किमान एक वर्षाचा. राहण्याच्या जागेबद्दल अट घालता येते, म्हणून दोघांच्या बंधपत्रांत पत्ता एकच लिहिला आहे ना, ते सहीआधी पाहा. अटीत बदल हवा असेल तर कलम ८ नुसार अर्ज परिवीक्षा अधिकाऱ्याकडून जातो. त्यामुळे घरातली अडचण त्यांच्या भेटीत मोकळेपणाने सांगा, त्यांच्या अहवालावर बरेच अवलंबून असते. पहिल्या भंगाला बंधपत्र चालू ठेवून ५० रुपयांपर्यंत दंडही होऊ शकतो, पण न्यायालय मूळ गुन्ह्याची शिक्षाही देऊ शकते, तेव्हा ५० रुपयांकडे पाहून बेफिकीर राहू नये.

शिक्षा भोगत असलेल्या दांपत्याला पॅरोल किंवा फर्लोवर (शिक्षेच्या काळातल्या तात्पुरत्या सुटीवर) एकाच वेळी बाहेर येणे अवघड जाते. दिल्लीच्या २०१८ च्या कारागृह नियमांत सहआरोपींना साधारणपणे एकत्र सोडू नये असेच म्हटले आहे. ते एकाच कुटुंबातले असतील तर अपवादात्मक परिस्थितीत विचार होतो. मुलीचे लग्न किंवा आई-वडिलांचे निधन अशा कारणासाठी दोघांनी अर्ज करताना प्रत्येकाने दुसऱ्याच्या अर्जाचा क्रमांक लिहावा आणि दोघांची एकत्र गरज का आहे ते वेगळ्या परिच्छेदात मांडावे.

खटला निर्दोष सुटकेने संपला तर जामिनाच्या अटी संपतात. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८१ खाली सहा महिन्यांचे बंधपत्र घेतले जाते, ते वरच्या न्यायालयाने बोलावल्यास हजर राहण्यापुरते असते. शिक्षा होऊन अपिलात ती स्थगित झाली, तर तो याच संहितेच्या कलम ४३० खालचा नवा आदेश असतो आणि त्यात नव्या अटी असतात. खालच्या न्यायालयात मिळवलेली शिथिलता तिथे आपोआप चालत नाही. स्थगितीच्या सुनावणीतच ती जुन्या आदेशाची प्रत दाखवून पुन्हा मागावी.